बाबलीच्या बावीचं पाणी

देवबागेत विहिरीला बाव म्हणतात. बाबलीची बाव कुठली असं कुणालाही विचारा, शेंबडं पोरसुद्धा हात करून दाखवील: ती काय, खाडीच्या अंगाला, तीन घरांच्या मधोमध. ही तिन्ही घरं एकाच भावकीतली, आणि त्यांची एक रीत होती. नवी सून आली की उंबरा ओलांडायच्या आधी तिला बावीवर न्यायचं. तिने बावीला हळदकुंकू वाहायचं, आपल्या हाताने कळशी ओढायची, ओंजळभर पाणी प्यायचं, आणि घरातल्या मोठ्या सवाशिणीने सगळ्यांसमक्ष विचारायचं, "कसां लागता गो पाणी?" सुनेने म्हणायचं, "गोड." मग बायका हसायच्या, कुणीतरी तिचं तोंड पदराने पुसायचं आणि वरात घरात शिरायची. एवढीच ती रीत.

आनंदीवर ही पाळी एकावन्न सालच्या वैशाखात आली. ती आंबोलीची. तिचा बाप भिकाजी मूळचा मालवणकडचाच, पण वर घाटात, एसटी थांबते तिथे, चहाचं दुकान थाटून बसला होता. लेक मात्र परत दर्याकाठी, आपल्या माणसांत द्यायची, हा त्याचा हट्ट. गाडीतून, मग होडीतून, डोक्यावर ऊन घेत आनंदी देवबागेत पोचली तेव्हा तिचा घसा अगदी सुकून गेला होता. बावीवर नेल्यावर तिला खरं तर बरंच वाटलं. तिने आधाशासारखी ओंजळ तोंडाला लावली.

पाणी मचूळ होतं. खारट म्हणावं तर समुद्राइतकं नव्हे, पण जिभेला कळल्याशिवाय राहील असंही नव्हे. डोळे मिटून तिने घोट गिळला. समोर सासू सावित्री उभी होती, जरीच्या लुगड्यात, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि तिचे डोळे सुनेच्या तोंडावर खिळलेले. जरा मागे, माडाला पाठ टेकून सासरा बाबली उभा होता. त्यानेच ही बाव खणलेली. त्याचा चेहरा तर परीक्षेचा निकाल ऐकायला आल्यासारखा झाला होता.

"कसां लागता गो पाणी?"

"गोड," आनंदी म्हणाली.

सासरच्या दारात तिने उच्चारलेला हा पहिला शब्द, आणि तोच खोटा. पण बाबली मिशीत असा काही हसला, की आनंदीला वाटलं, जाऊ दे, एका शब्दाने कुणाचं काय बिघडतंय?

त्या बावीची हकिगत तिला आठवडाभरातच कळली, आणि तीही खुद्द सासऱ्याकडून. पूर्वी या घरांच्या बायका वाडीतल्या एका बागवाल्याच्या बावीवर पाण्याला जायच्या. तो माणूस महाखडूस. एक दिवस त्याने सावित्रीची भरलेली घागर लाथेने उडवली. घागर फुटली, सावित्री रडत घरी आली, आणि बाबलीने दुसऱ्या दिवसापासून आपल्या जागेत खणायला घेतलं. रेतीची जमीन ती! दिवसभर खणावं आणि सकाळी बघावं तर अर्धं ढासळलेलं. पलीकडच्या काठावरून होडीने चिरे आणले, एकट्याने उतरवले, एकट्याने बांधले. पाणी लागलं त्या दिवशी त्याने सगळ्यांसमोर शब्द दिला: या तीन घरांतलं माणूस यापुढे परक्याच्या पाण्याला तोंड लावणार नाही. "आणि लावूक नाय हां कोणी!" असं म्हणून बाबली मांडीवर थाप मारायचा. त्याच्या बढाईचं हसू यायचं, पण त्याच्या तळहातांवरचे वण बघितले की हसू विरून जायचं.

हा बाबली पुढे दोनच वर्षांत गेला. रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचा, दोर ओढता ओढता रेतीत बसला तो उठलाच नाही. अठ्ठेचाळीस वर्षांचा होता. शेजारच्या दोन घरांतले कर्ते पुरुष त्याच्याही आधी असेच गेलेले, कुणी जेवताना, कुणी होडीत. तिन्ही घरांतले बापये पन्नाशी बघत नाहीत, असं गाव उघड बोलायचं. कुणी म्हणे देवाचा नारळ राहिलाय, कुणी म्हणे जागेच्या राखणदाराचा कोप आहे. कौल लावून झाले, कोंबडे देऊन झाले. मरणाची कारणं माणसं किती लांबलांबहून शोधून आणतात बघा, आणि कळशी रोज हातात!

पहिली दोन-तीन वर्षं आनंदीला देवबागेत दुसरं काही खुपलं नाही. नवरा काशीराम लाखात एक. खाडीवर तर चालवायचा, म्हणजे माणसांना होडीने अलीकडून पलीकडे न्यायचा. वल्ही मारताना मोठ्याने गायचा, आणि बेसूर गायचा. खुपायचं ते पाणी. भिकाजीच्या दुकानामागे डोंगरातून झरा यायचा, पोफळीच्या पन्हळीतून दगडावर पडायचा. बारा महिने गार. एसटीतून उतरणारी माणसं चहाची तारीफ करायची तेव्हा भिकाजी म्हणायचा, "चायत काय नाय ओ, पाण्यात आसा सगळां." लहानपणी आनंदी त्या पन्हळीखाली तोंड धरून उभी राहायची आणि आई ओरडेपर्यंत हलायची नाही. इथे दुपारी बावीवर कळशी ओढताना तिला ते पाणी इतकं आठवायचं, की तोंडात घोट घेऊन ती क्षणभर डोळे मिटायची आणि स्वतःला फसवून बघायची. फसायची नाही. पण कुणाला सांगणार? गोड म्हणून बसली होती ना!

मग कधीतरी ते खुपायचं थांबलं. कधी ते तिलाही कळलं नाही. सत्तावन्न साली थोरल्या मुलीला घेऊन ती माहेरी गेली. गाडीतून उतरली तशी धावत दुकानामागे गेली, पन्हळीखाली ओंजळ धरली आणि प्यायली. पुन्हा प्यायली. बाप मागे उभा राहून कौतुकाने बघत होता.

"बाबा," ती म्हणाली, "ह्यां पाणी असां पांचट कित्याक लागता?"

भिकाजीचं तोंड उतरलं. पदराशी खेळणाऱ्या नातीला त्याने उचलून घेतलं आणि मग सावकाश म्हणाला, "पाणी तांच आसा गो. जीभ तुझी बदालली."

त्या रात्री ती उशीत तोंड खुपसून रडली. लग्न होऊन सहा वर्षं झाली होती, पण आपलं माहेर सुटलं असं तिला त्या दिवशी वाटलं.

त्रेसष्ट सालापासून काशीरामचं डोकं दुखायला लागलं. सकाळी उठला की मानेपासून कपाळापर्यंत ठणका. मग नाकातून रक्त येऊ लागलं. गाणं थांबलं. पलीकडच्या काठावर माणसं हाका मारत उभी आणि हा वल्हं मांडीवर ठेवून दम खात बसलेला. नवऱ्याचं वय सदतीस, सासरा अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गेलेला. तिने वजाबाकी केली आणि दुसऱ्याच दिवशी त्याला मालवणात डॉक्टरकडे घेऊन गेली.

डॉक्टरने दंडाला पट्टा आवळला, फुगवला, बघितलं, पुन्हा फुगवला.

"पिता का?" त्याने विचारलं.

"नाय डाक्टर," काशीराम म्हणाला. "माडीचो थेंब नाय. सरकारान बंदी करूच्या आधीपासून नाय."

"मग काय पिता?"

"पाणी."

डॉक्टर हसला. कुठलं पाणी, हे त्याने विचारलं नाही. आणि त्याने तरी का विचारावं? त्याने समजावून सांगितलं की प्रेशर फार वाढलंय, हे आज-उद्याचं दुखणं नव्हे, वर्षानुवर्षं पोटात जाणाऱ्या मिठाने रक्ताच्या नळ्यांवर ताण येतो, आणि एक दिवस डोक्यातली नळी फुटते नाहीतर काळीज थकतं. गोळ्या दिल्या. मीठ बंद. सुकी मासळी बंद. लोणचं, पापड बंद.

आता देवबागेतल्या माणसाला सुकी मासळी बंद करायची म्हणजे काय, ते तिथल्या माणसालाच विचारावं. सकाळची पेज आणि सोबत निखाऱ्यावर भाजलेला खारा बांगडा, हे काशीरामचं सुख. तो पेजेची वाटी समोर घेऊन बसायचा आणि शेजारच्या घरात बांगडा भाजल्याचा वास आला की लहान मुलासारखा मान वळवायचा. "वायच शेपटी तरी?" असं विचारायचा. आनंदी मान हलवायची. "नुसतो वास घेवन येतंय गो," म्हणत तो शेजारच्या पडवीत जाऊन बसायचा. तिथली लक्ष्मीवयनी हसून म्हणायची, "बस हो भावजी, वासाचां काय देवचां लागत नाय."

आनंदीने त्याचं जेवण वेगळ्या मडक्यात शिजवायला घेतलं, चिमूटभरही मीठ नाही. आणि कुणाला न सांगता स्वतःही तेच खायला लागली. त्याला समोर आळणी वाढून आपण चवीने जेवावं हे तिच्याने होईना. पहिला महिना घास घशाखाली उतरेना. मग सवय झाली. मग तर नुसत्या भातालाही चव असते हे तिला कळायला लागलं.

पण प्रेशर काही उतरेना. आठ महिने झाले. दर महिन्याला डॉक्टर पट्टा आवळायचा आणि भुवया चढवायचा. शेवटी एकदा तो चिडलाच. "बाई, तुम्ही चोरून खायला घालताय. माया करताय की वैर करताय?" आनंदीला ते फार लागलं. परतीच्या वाटेवर काशीरामच तिला समजावत होता, "जावंदे गो. तेका काय ठावक!"

चौसष्टच्या श्रावणात भिकाजी आजारी असल्याचा निरोप आला. आनंदी आंबोलीला गेली आणि तिथे वीस दिवस राहिली. आंबोलीचा पाऊस तुम्हाला सांगायला नको, घराबाहेर पाऊल टाकायची सोय नव्हती. तिथेही तिने आळणी सोडलं नाही. भावजय चेष्टा करायची, "घोव थंय आणि पथ्य हंय!" पहिल्याच दिवशी तिने बापाच्या उशाशी ठेवलेल्या तांब्यातलं पाणी सहज म्हणून तोंडात घेतलं, आणि तशीच थांबली. ते पाणी तिला ओळखीचं लागलं. गार, हलकं, गोड. अगदी पन्हळीखाली उभं राहून प्यायची तसं. तिने अख्खा तांब्या संपवला.

"बाबा, गोड लागता ओ!" ती बापाला हलवून म्हणाली. "परत गोड लागता!"

भिकाजीला बोलवत नव्हतं, पण तो समजला. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. पुढच्या आठवड्यात तो गेला. आनंदी खूप रडली, पण गाडीत बसताना तिला एक समाधान होतं, की माहेर एकदा परत मिळालं आणि मग गेलं.

देवबागेत ती उतरली तेव्हा काशीराम स्वतः तांब्या भरून घेऊन पुढे आला. "दमलंस. पाणी पी." तिने तांब्या तोंडाला लावला. आणि तेरा वर्षांपूर्वी लागलं होतं तेच, तसंच, तिच्या जिभेला लागलं. मचूळ. तिने नवऱ्याकडे बघितलं. सुजलेले डोळे, सुजलेले पाय. मडक्यातून चिमटी-चिमटीने काढलेलं मीठ तो घरात, होडीत, उन्हातान्हात तांब्यातांब्याने पीत होता. पेजही त्याच पाण्याची, भातही त्याच पाण्याचा.

तिने बाटली भरली आणि डॉक्टरसमोर नेऊन ठेवली. डॉक्टरने बोट बुडवून जिभेला लावलं, तोंड वाकडं केलं. "हे तुम्ही पिता? किती वर्षं?" मग खुर्चीत मागे टेकून म्हणाला, "बाई, मी तुम्हाला बोललो ते विसरा. हे पाणी आजपासून बंद करा. उशीर झालाय, पण बंद करा."

बंद करा! बोलणं सोपं असतं. घरी येऊन तिने सांगितलं, तशी सावित्री चुलीपुढून उठली. "माझ्या घोवाची बाव खारट? रगात आटवन खणल्यानी ती?" एवढंच म्हणाली आणि पाठ फिरवून आत गेली. दोन दिवस सुनेशी बोलली नाही.

काशीरामचं तर भलतंच. रोज दहा वेळा त्याची होडी पलीकडच्या काठाला लागायची. तिथे डोंगराखाली झरा होता, वाटसरू यायचे, ओंजळीने प्यायचे. हा मात्र घरच्या पाण्याचा तांब्या होडीत घेऊन जायचा.

"झरो कोणाचो आसा?" आनंदीने त्याला विचारलं. "ती काय परक्याची बाव नाय. देवाचां पाणी तां."

"बाबांनी परक्याचां पाणी म्हटल्यानी. आमच्या बावीचां नाय तां परक्याचां."

"जीव जातलो तुमचो!"

काशीराम म्हणाला, "तूच म्हटलंस ना गो, गोड? बाबा कसे हसलले, आठवता तुका?"

तिचाच शब्द तिच्या तोंडावर येऊन पडला. तिने शहाळी दिली, पण शहाळ्यांवर माणूस दिवस काढील, वर्षं कशी काढील? धाकट्या दिराला, लवूला, हाताशी धरून तिने झऱ्याचं पाणी गुपचूप आणवलं आणि तांब्यात भरून ठेवलं. काशीरामने पहिल्याच घोटाला ओळखलं. "पांचट आसा. खंयचां ह्यां?" आणि तांब्या अळवात ओतला. ओतला आणि दिवसभर तसाच तहानलेला राहिला. हट्टाला औषध नाही, आणि मेलेल्या बापाच्या मायेला तर नाहीच नाही. आनंदी चिडली, रडली, पाया पडली, आणि शेवटी थकली. त्याच्या समोर कळशी ओढताना रोज तिला वाटायचं, त्या दिवशी मी एक शब्द वेगळा बोलले असते तर!

पासष्टच्या मार्गशीर्षात, भर सकाळी, खाडीच्या मध्यावर काशीरामच्या हातातलं वल्हं गळून पडलं. होडीतल्या माणसांनी त्याला काठाला आणलं. जीव वाचला. उजवं अंग गेलं, तोंड डावीकडे ओढलं गेलं, बोलणं जडावलं. त्याची होडी लवूने घेतली. काशीराम ओट्यावर बसून तिच्याकडे बघत राहायचा. वल्ह्यांचा आवाज आला की त्याचा डावा हात आपोआप मागे-पुढे व्हायचा. ते बघणं आनंदीला सोसायचं नाही. त्याच्या बेसूर गाण्यासाठी ती तळमळायची. पूर्वी त्याच गाण्यावर ती त्याला चिडवायची.

आणि पाणी? पाणी तेच. बापाचा शब्द आता तो जास्तच घट्ट धरून होता. दुसरं काही धरायला उरलं नव्हतं म्हणा.

सहासष्टच्या उन्हाळ्यात लवूचं लग्न झालं. मुलगी कसालची, प्रेमलता नाव, एकोणीस वर्षांची, तोंडाने फटकळ. वरात दारात आली. सावित्री विधवा, तेव्हा ती रीतीप्रमाणे दूर उभी राहिली, त्याच माडाखाली, जिथे एके काळी बाबली उभा होता. ओट्यावर काशीराम. आणि बावीवर सुनेला विचारायचं ते घरातल्या मोठ्या सवाशिणीने, म्हणजे आनंदीने.

प्रेमलताने हळदकुंकू वाहिलं, कळशी ओढली, ओंजळ भरून प्यायली. आनंदीने तिच्या कपाळावर किंचित पडलेली आठी बघितली. ती आठी तिला चांगली ओळखीची होती. पंधरा वर्षं ती स्वतःच्या कपाळाआड लपवून बसली होती. बायका हसायच्या तयारीत उभ्या होत्या.

"कसां लागता गो पाणी?" तिने विचारलं, आणि मुलीने तोंड उघडायच्या आत तिचा हात धरला. "कोणी शिकवलां असात तां सांगू नको. तुझ्या जिभेक काय लागलां तां सांग. तुका माझ्या गळ्याची शप्पथ."

प्रेमलताने इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, "वयनी, ह्येच्यात मीठ पडलां काय?"

कुणी हसलं नाही. एक म्हातारी पुटपुटली, "शिव शिव, पयल्याच दिसा!" तिन्ही घरांच्या माना माडाकडे वळल्या. सावित्री तिथून निघाली, सावकाश चालत बावीपाशी आली. कळशीत हात घालून तिने ओंजळ भरली, प्यायली, आणि ओले हात तसेच धरून उभी राहिली.

"चेडवाक बोल लावू नकात," ती म्हणाली. "तिणा खोटां सांगूक नाय. बाव लागली त्या दिसा हे वर इले. हातांक कातडी उरूक नव्हती, नखां फुटलली. पयली ओंजळ माका दिल्यानी आणि म्हणाले, 'कसां लागता गो?' मिया घोट घेतलंय. असांच होतां, मचूळ. मिया तेंच्या हातांकडे बघलंय आणि म्हटलंय, गोड." तिचा आवाज फाटला. "तेवाय असांच होतां गो बायांनो. ह्यां पाणी कवाच गोड नव्हतां. पण ते असे हसले! तसे परत कवा हसूक नाय."

लक्ष्मीवयनी पदर तोंडाला लावून म्हणाली, "माकाय खारटच लागललां." मागून आणखी एकजण म्हणाली, "माकाय." तिसरी नुसतीच रडत खाली बसली. तिचा नवरा बेचाळिसाव्या वर्षी गेला होता.

सावित्री ओट्याकडे गेली आणि लेकाच्या पायाशी बसली. "काशीराम, बापाशीचो शब्द म्हणान धरून बसलंस, तो माझ्या शब्दार उभो होतो. आणि तो खोटो होतो बाबा. माझो घोव मिया मारलंय, तुझो हात मिया मोडलंय. आता सोड. माझ्यासाठी सोड." काशीरामने डावा हात आईच्या डोक्यावर ठेवला. त्याच्या वाकड्या तोंडातून शब्द फुटेना, डोळ्यांतून मात्र घळाघळा पाणी वाहत होतं. मग त्याने लवूकडे बघून तोच हात मागे-पुढे केला, वल्हं मारल्यासारखा.

लवू मुंडावळ्या बांधलेलाच होडीत बसला. एका बाजूला नवी नवरी, दुसऱ्या बाजूला मांडीवर कळशी घेऊन आनंदी. देवबागेने अशी वरात कधी बघितली नव्हती, आणि त्यावर पुढे दोन वर्षं गजाली चालल्या. पलीकडे झऱ्यावर आनंदीने कळशी भरली. भरताना हातावर पाणी पडलं, ते तिने तोंडात घेतलं. आंबोलीच्या पाण्याची सर त्याला नव्हती. तरी तिला बापाची आठवण आली आणि ती आणखी एक ओंजळ प्यायली. घरी येऊन तिने पहिला तांब्या नवऱ्याच्या ओठांना लावला. तो अर्धा घोट कडेने सांडत, थांबत, सगळा प्यायला. "पांचट," असं काहीतरी म्हणाला आणि हसला.

काशीराम जगला. वर्षभरात प्रेशर उतरलं, पायांची सूज गेली, डॉक्टरच्या भुवया खाली आल्या. हात मात्र परत आला नाही, आणि गाणंही नाही. नळीत जे एकदा फुटलं ते फुटलं, असं डॉक्टर म्हणाला. पाणी आधी सुटलं असतं तर, हे तो बोलला नाही, पण आनंदीला ऐकू आलं. लवू रोज सकाळी तिन्ही घरांच्या कळश्या होडीत घालून न्यायचा आणि भरून आणायचा.

एक सावित्री तेवढी ऐकायची नाही. सगळं घर झऱ्याचं पाणी प्यायचं आणि ही बाबलीच्या बावीचं. आनंदीने रागावून बघितलं, डॉक्टरचं नाव घालून बघितलं. "माका आता खंय जावचां आसा?" म्हणायची आणि स्वतःच्या हाताने तांब्या भरून घ्यायची. हात चालेनासे झाले तेव्हा आनंदी भरून द्यायला लागली. देताना तिचा जीव खालवर व्हायचा, पण द्यायची.

अडुसष्टच्या फाल्गुनात सावित्रीने अंथरूण धरलं. एका दुपारी तिला ग्लानी आली, ओठ सुकले. आनंदीने जवळच्या तांब्यातलं झऱ्याचं पाणी चमच्याने तिच्या तोंडात घातलं. सावित्रीने मान फिरवली. आनंदी उठली, भर उन्हात बावीवर गेली, कळशी ओढली आणि तांब्या भरून आणला. सासूचं डोकं मांडीवर घेतलं आणि घोटघोट पाजलं. म्हातारीच्या कपाळावरची शीर सैल झाली. आनंदीच्या मनात काय आलं कोण जाणे, तिने वाकून विचारलं, "आये, कसां लागता गो पाणी?"

सावित्रीने डोळे उघडले. नवऱ्यानंतर हा प्रश्न तिला कुणी विचारलाच नव्हता.

"खारट," ती म्हणाली, आणि तोंड पुन्हा उघडलं. "वायच आणि दी."